घरचा रांजण

सुमारें तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावणांतल्या एका सकाळीं आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर तात्या म्हणतें, स्नानसंध्या आटोपून झोपाळ्यावर येऊन बसले आणि त्यांनीं मोबाईल हातांत घेतला. गेलीं अकरा वर्षें त्यांचा एक नेम होता. रोज एक संस्कृत सुभाषित निवडावें, त्याचा अन्वय लावून सोप्या मराठींत अर्थ लिहावा आणि तें एका कंपनीच्या समाजमाध्यमावर चार स्नेह्यांसाठीं ठेवावें. त्या चारांचे पुढें चारशें झाले. कोणी लातुराहून शंका विचारी, कोणी अमेरिकेहून पाठभेद कळवी. त्या सकाळीं मात्र दार उघडेना. "नियमभंगामुळें आपलें खातें बंद करण्यांत आलें आहे," एवढें एक वाक्य पडद्यावर येई. नियम कोणता, तो कोणत्या लेखानें मोडला, याचा कांहीं खुलासा नव्हता. आम्हीं अर्ज केला. उत्तर यंत्राचें आलें. दुसरा अर्ज केला. त्याला तेंहि आलें नाहीं.

अकरा वर्षांचें लिखाण गेलें, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. पण तात्या गप्प झाले होते ते निराळ्याच कारणानें. आमच्या वहिनी २०२१ सालीं, महामारीच्या दुसऱ्या लाटेंत वारल्या. त्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या पुतणीनें मोबाईलवर टिपून त्याच खात्यांत ठेवल्या होत्या, मोजून चौदा. लिहावयास बसण्यापूर्वीं तात्या रोज त्यांतली एक ऐकत असत, हें आम्हां सर्वांस त्या दिवशीं कळलें. पुतणीच्या जुन्या मोबाईलमध्यें शोधाशोध केली, तेव्हां तीन सांपडल्या.

आमचें घर औरंगपुऱ्यांतलें, एकत्र कुटुंबाचें. अशा घरांत एकाला ठेंच लागली तर औषध सांगणारे दहा निघतात. थोरला पुतण्या, ज्याचें गुलमंडीवर कापडाचें दुकान आहे, म्हणाला, "तात्या, दुसरें खातें काढून देतों." धाकट्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे तात्यांचा नातू, येथेंच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "आजोबा, ज्यानें एकदां ओसरीवरून उठविलें, त्याच्याच ओसरीवर पुन्हां कशाला बसायचें? आपली ओसरी आपण बांधूं."

त्यानें दुकानांतला टाकून दिलेला संगणक आणला, त्यांत दोन नव्या हार्ड डिस्क बसविल्या आणि माजघरांत पूर्वीं समया ठेवीत त्या कोनाड्यांत तो मांडला. त्यावर लिनक्स घातलें. फिनलंडमधील लायनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेलें व पुढें जगभरच्या हजारों हातांनीं वाढविलेलें हें काम कोणासहि विनामूल्य वापरतां येतें. घरचे कागदपत्र, हिशेब व सणवारांचीं टिपणें यांसाठीं नेक्स्टक्लाउड आणि छायाचित्रांसाठीं इमिच, अशीं आणखी दोन सॉफ्टवेअर त्यानें बसविलीं, तींहि विनामूल्यच. झाला सर्व्हर तयार. सर्व्हर म्हणजे कांहीं अद्भुत वस्तु नव्हे. दुसऱ्या संगणकांनीं मागावें आणि यानें द्यावें, यासाठीं अहोरात्र जागा राहणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या कंपन्यांचे असे अगणित संगणक दूरदेशीं गोदामांतून मांडलेले असतात. आमचा एकटा कोनाड्यांत होता.

या उद्योगास इंग्रजींत 'सेल्फ-होस्टिंग' म्हणतात, असें नातवानें सांगितलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पण संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला, त्यामुळें शब्द ऐकला कीं त्याला प्रतिशब्द शोधण्याची आम्हांस खोड आहे. होस्ट म्हणजे यजमान. संस्कृतांत यजमान म्हणजे जो स्वतःसाठीं यज्ञ करवितो तो. मराठींत तो पाहुण्यांचें आगतस्वागत करणारा झाला. दोन्ही अर्थीं एक गोष्ट सारखीच आहे. खर्च त्याचा, उठाठेव त्याची, आणि पंगतींत सर्वांच्या मागून जेवणाराहि तोच. 'स्वयंयजमान' असा शब्द आम्हीं मोठ्या कौतुकानें घडविला आणि घरांत दोन दिवस मिरविला. त्यांतला हा भार मात्र त्या वेळीं आमच्या ध्यानांत आला नाहीं.

वास्तविक आमच्या शहरास ही गोष्ट नवी वाटूं नये. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. गांव वसविला, पण पाणी कोठून आणावें? उत्तरेकडील डोंगरांच्या पोटांत मुरलेलें पाणी जमिनीखालच्या मार्गानें गांवांत आणून तें हौदाहौदांतून वांटण्याची योजना त्यानें केली. हीच नहर-ए-अंबरी. पुढें तशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं असलेल्या पाणचक्कीचें पाणी असेंच डोंगरांतल्या झऱ्यावरून येई आणि त्याच्या जोरावर जातें फिरून फकिरांसाठीं पीठ दळलें जाई. शिवाय वाड्यावाड्यांतून आड होते. आमच्याहि वाड्यांत होता. मग पैठणला गोदावरीवर जायकवाडीचें धरण झालें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं त्याची पायाभरणी केली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं उद्‌घाटन. सुमारें पन्नास किलोमीटरांवरून पाणी नळानें घरांत येऊं लागलें. रहाट ओढण्याचे कष्ट संपले. आम्हीं आनंदानें आड बुजविला. नहरींत गाळ सांचला तो काढण्याचें कोणास सुचलें नाहीं. यांत बळजबरी कोणाचीहि नव्हती. सोय आम्हींच पत्करली. पाणी केव्हां येईल हें ठरविणें आपल्या हातचें उरलें नाहीं, तेव्हां मात्र आम्ही आडाची आठवण काढूं लागलों.

आड, नहर आणि धरण, या तीन रीती ध्यानांत धरल्या म्हणजे समाजमाध्यमांविषयीं गेलीं कांहीं वर्षें चाललेला एक वाद सहज उलगडतो. मोठ्या कंपन्यांचीं माध्यमें हीं धरणें. आमच्या कोनाड्यांतला संगणक हा आड. परंतु आडाच्या कांठीं बसून एकट्यानें बोलावें तरी कोणाशीं? म्हणून नहरीसारखी तिसरी रीत निघाली. जर्मनींतील ऑयगेन रोख्को या तरुणानें २०१६ सालीं मॅस्टोडॉन नांवाचें सॉफ्टवेअर लोकांपुढें ठेवलें. तें कोणींहि आपल्या संगणकावर घालावें, ओळखीच्या पन्नास-शंभर माणसांना तेथें जागा द्यावी, आणि त्यांनीं तेथून दुसऱ्या अशाच ठिकाणच्या माणसांशीं बोलावें. औरंगपुऱ्याच्या पेटींत टाकलेलें पत्र नागपुरास पोंचतें, त्यासाठीं दोघांनीं एकाच गांवीं राहावें लागत नाहीं. ई-मेलहि असाच चालतो. या निरनिराळ्या ठिकाणांनीं परस्परांशीं बोलण्याची जी नियमावली, ॲक्टिव्हिटीपब, ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें जानेवारी २०१८ मध्यें शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

आपल्या देशांत या गोष्टीचा मोठा गाजावाजा नोव्हेंबर २०१९ मध्यें झाला. सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें ट्विटरवरील खातें बंद करण्यांत आलें. निमित्त होतें एका छायाचित्राचें: नाझी सलामीसाठीं हात उंचावलेल्या जमावांत एकच मनुष्य हाताची घडी घालून उभा आहे, असें तें १९३६ सालचें प्रसिद्ध चित्र. निषेध म्हणून पुष्कळ मंडळी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेली. कांहीं तेथें रमली, पुष्कळ परतलीहि. परतण्याचें कारण आमच्या थोरल्या पुतण्यानें एका वाक्यांत सांगितलें: "काका, गिऱ्हाईक गुलमंडीवर फिरतें आणि तुम्ही दुकान खुलताबादेस मांडतां." यांत खोटें कांहीं नाहीं. जेथें माणसें तेथें माणसें जातात, आणि धरणाचें बळ त्याच्या भिंतींत नसून या संवयींत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान ठिकाणीं नियम कोणीं करावे? शिवीगाळ करणाऱ्यास बाहेर कोणीं काढावें? बहुधा एकच माणूस, नोकरीवरून रात्रीं घरीं आल्यावर, पदरमोड करून हें सारें पाहतो. तोच पाटील, तोच न्यायाधीश, तोच झाडूवाला. शिवाय एका ठिकाणास दुसरें ठिकाण पसंत नसेल तर तें त्याच्याशीं सगळाच व्यवहार तोडूं शकतें. मग तेथल्या निरपराध माणसांचाहि निरोप इकडे पोंचत नाहीं. हें ऐकून आम्हांस आपल्याकडचें वाळींत टाकणें आठवलें. आपल्या राज्यानें २०१६ सालचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो उगीच नव्हे. येथें निदान बिऱ्हाड हलविण्याची मोकळीक आहे. पण मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलविलें तर ऐकणारीं माणसें बरोबर येतात, जुनें लिखाण पहिल्याच घरीं राहतें. जुलै २०२३ मध्यें मेटा कंपनीनें थ्रेड्स काढलें आणि आपणहि या नहरींशीं जोडून घेऊं असें जाहीर केलें, तेव्हां वाद आणखी पेटला. कोणी म्हणाले, धरणाचें पाणी आंत शिरलें तर नहरी फुटतील, आधींच बांध घाला. कोणी म्हणाले, सर्वांसाठीं दार उघडें ठेवल्याचें सांगतां आणि मोठा पाहुणा येतांच तें लावून घेतां, हें कसें? फेब्रुवारी २०२४ मध्यें सर्वांना खुलें झालेलें ब्लूस्काय निराळीच तडजोड सुचवितें: शिदोरी ज्याची त्यानें आपल्या गांठीं ठेवावी, बाजार मात्र एकच मोठा असावा. त्यावर टीकाकारांचें म्हणणें असें कीं, शिदोरी कोणाचीहि असो, बाजाराचा मोठा भाग अजून एकाच कंपनीच्या हातीं आहे.

मग कंपनी आपल्या देशाची असती तर? तेंहि होऊन गेलें. मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलणारें 'कू' २०२० सालीं बंगळुरांत निघालें आणि जुलै २०२४ मध्यें बंद पडलें. त्यापूर्वीं परदेशी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मिटलें होतें. स्वदेशी आणि परदेशी दोघांचा शेवट सारखाच. उलट परदेशस्थ मराठी मंडळींनीं १९९६ सालीं आपल्या हौसेनें उभी केलेली 'मायबोली' आजहि नांदते आहे. त्यावरून आमचा असा समज झाला कीं, गोष्ट आपली कीं परकी हें ती कोणाच्या नांवावर आहे यावरून ठरत नसून तिची निगा कोण राखतो यावरून ठरतें. हा समज आम्हांस पुस्तकांतून झाला असता तर बरें झालें असतें. तो झाला आमच्याच माजघरांत, आणि तोहि आमच्याच हातून.

नातवाला बंगळुरास नोकरी लागली. जातांना त्यानें सर्वांना बसवून समजावून सांगितलें: एक डिस्क कामाची, दुसरी तिच्या प्रतीची. रोज रात्रीं प्रत आपोआप निघते. ती निघाली तर पडद्यावर हिरवी खूण दिसेल, न निघाली तर तांबडी. तांबडी दिसली कीं मला फोन करा. दर शनिवारीं ती खूण पाहण्याचें काम आम्हीं आपण होऊन पत्करलें. आम्ही सेवानिवृत्त, वेळ मोकळा. याहून सोपें काम तें कोणतें? पहिले दोन महिने तें नेमानें केलें. मग एका शनिवारीं लग्न आलें, दुसऱ्या शनिवारीं गुडघा दुखला, आणि पुढें नुसताच आळस. आषाढांत वीज सारखी जाऊं-येऊं लागली आणि एका रात्रीं कामाची डिस्क बिघडली. नातवानें फोनवरून सांगावें आणि सूनबाईनें टंकावें, असें मध्यरात्रीपर्यंत चाललें. तेव्हां कळलें कीं, दुसऱ्या डिस्कवर प्रत निघणें साडेचार महिन्यांपूर्वींच थांबलें होतें. तांबडी खूण इतके दिवस तेथें होती, पाहणारा नव्हता.

त्या साडेचार महिन्यांत तात्यांनीं आठवून आठवून दीडशें सुभाषितांवरचें विवेचन पुन्हां लिहून काढलें होतें. तें दुसऱ्यांदां गेलें. "कंपनीनें घालविलें तेव्हां रागवायला कोणी तरी होतें," एवढेंच ते म्हणाले आणि उठून निजावयास गेले. आमच्याकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. गृहपाठ न केलेल्या मुलांना आम्हीं तीस वर्षें वर्गांत उभें केलें. त्या रात्रीं माजघरांत आम्हीच उभे होतों.

वहिनींच्या तीन ओव्या तेवढ्या वांचल्या, आणि त्या कांहीं आमच्या दक्षतेनें नव्हे. सूनबाईनें त्या एका पेनड्राइव्हवर घेऊन चांदीच्या भांड्यांच्या पेटींत ठेवल्या होत्या आणि एक प्रत नागपुरास पुतणीकडे पाठविली होती. तिला असें करावयास कोणीं सांगितलें नव्हतें. विचारलें तेव्हां ती म्हणाली, "काका, घरांतलें सगळें सोनें आपण एकाच डब्यांत ठेवतों का?"

योगक्षेम हा शब्द आपण पत्रांतून सर्रास लिहितों. योग म्हणजे जें नाहीं तें मिळविणें आणि क्षेम म्हणजे जें मिळालें तें राखणें. नातवानें आम्हांस योग करून दिला. क्षेम आमचें होतें, आणि तें आम्हीं यंत्रावर टाकलें. पाठशाळेंत असतांना आम्हीं दशग्रंथी ब्राह्मणांचे पाठ ऐकले आहेत. एकच मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनीं म्हणावयाचा, म्हणजे एक अक्षर जरी चुकलें तरी तें पकडलें जातें. एका प्रतीवर विसंबावयाचें नाहीं आणि प्रत रोज तपासावयाची, हेंच तें तत्त्व. तरीहि पतंजलीच्या महाभाष्यांत ऋग्वेदाच्या २१ शाखा सांगितल्या आहेत आणि आज अखंड पठनांत मुख्यतः एक शाकलच आहे. ज्या शाखेस शिष्य उरला नाहीं, ती पाठांतून गेली. शिकणारीं घरें मुळांतच मोजकीं ठेवल्याचें फळहि त्यांत आहे, हें आपण प्रांजळपणें कबूल करावें. आमच्या घरीं तरी दुसरें काय झालें होतें? यंत्राची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकट्या नातवाजवळ. तें चालविण्याची विद्याहि त्याच्याच डोक्यांत. तो गांवाबाहेर गेला आणि शाखा खुंटली.

आतां व्यवस्था बदलली आहे. आमचें घर, नागपुरास पुतणीचें घर आणि पुण्यास धाकट्या बहिणीचें घर, अशा तीन ठिकाणीं तिघांच्याहि वस्तूंच्या प्रती राहतात. जाणकार लोक म्हणतात, प्रती तीन असाव्या, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्या आणि एक तरी घराबाहेर असावी. आम्ही तेवढें पाळतों. किल्ली कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घराच्या खरेदीखताबरोबर ठेवली आहे. यंत्राची कारभारीण सूनबाई, आणि तिच्या हाताखालीं चौदा वर्षांची नात शिकते आहे. शनिवारची पाळी एकट्या आमच्याकडे नाहीं. चौघांचीं नांवें कालनिर्णयाशेजारीं भिंतीवर टांगलीं आहेत, आणि ज्यानें पाहिलें त्यानें सही करावयाची. महिन्यांतून एकदां एखादी वस्तु प्रतीवरून परत काढून पाहतात; कारण जी प्रत उघडून पाहिली नाहीं ती आहे असें समजूं नये, असें नातवाचें म्हणणें आहे.

तात्या हल्लीं आधीं वहींत लिहितात, मग नात तें टंकते. मॅस्टोडॉनवर एका ठिकाणीं त्यांनीं जागा घेतली आहे. पूर्वींच्या चारशें वाचकांपैकीं तेथें पस्तीस आले. लातूरचे शंका विचारणारे आले. अमेरिकेचे पाठभेदवाले आले नाहींत, आणि तात्यांना त्यांची उणीव भासते. थोरल्या पुतण्याचा गुलमंडीचा मुद्दा अजून खोडून निघालेला नाहीं, आणि तो निघेल असें आम्हांस वाटतहि नाहीं. प्रत्येक घरानें आड खणावा असा आमचा आग्रह नाहीं. ज्या घरीं रहाट ओढणारें कोणी नाहीं, त्या घरीं आड धोक्याचाच. परंतु नळाच्या भरंवशावर असणाऱ्यानेंहि घरांत एक भरलेला रांजण ठेवावा, एवढें मात्र आम्ही सांगूं.

पैठणला नाथांच्या वाड्यांत असा रांजण आहे. प्रत्यक्ष भगवंतानें श्रीखंड्याच्या रूपानें कावडी वाहून नाथांघरीं पाणी भरलें, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. नाथषष्ठीच्या सुमारास भाविक आजहि त्या रांजणांत पाणी घालतात. लहानपणीं त्या कथेंतील देवाचें आम्हांस नवल वाटे. आतां त्या कावडीचें वाटतें. नाथांच्या घरचा रांजणहि आपोआप भरत नव्हता. कोणाला तरी रोज नदीवर जावें लागे.

गेल्या शनिवारीं पाळी आमची होती. तात्या झोपाळ्यावर बसून त्या तिहींपैकीं एक ओवी ऐकत होते. ती संपल्यावर त्यांनीं मान न वळवितां विचारलें, "पाहिलेंस का?"

"पाहिलें," आम्हीं सांगितलें. "हिरवी आहे."

"सही कर," ते म्हणाले.